विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर: साधना चोख, भौतिकशास्त्र उसनं

नाव दहा दिवसांचं, पण रजा बारा दिवसांची टाकावी लागते. शून्य दिवशी दुपारी नोंदणी होते, मोबाइल आणि पैशाचं पाकीट जमा होतं आणि रात्रीपासून मौन सुरू होतं. सुटका अकराव्या दिवशी सकाळी साडेसातच्या आसपास. राहणं-जेवण-शिकवणं यांचं शुल्क नाही. देणगीसुद्धा ज्याने निदान एक शिबिर पूर्ण केलंय त्याच्याकडूनच घेतात. त्यामुळे ‘पैसे वसूल झाले का’ हा नेहमीचा प्रश्न इथे गैरलागू आहे. मोजायचे ते दिवस, गुडघे आणि झोप.

परीक्षण आहे सत्यनारायण गोएंकांनी बर्मातून भारतात आणलेल्या विपश्यना या ध्यानपद्धतीच्या शिबिराचं, इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून चालू असलेलं. नाशिक, पुणे, नागपूर, कोल्हापूरकडच्या केंद्रांतही तेच वेळापत्रक आणि त्याच सूचना मिळतात, कारण शिकवणारा आवाज गोएंकांचाच, ध्वनिमुद्रित. गोएंका २०१३ साली गेले, तरी वर्ग त्यांचाच चालतो. समोर बसलेले सहायक आचार्य टेप लावतात, शंका ऐकतात, पण पदरचं काही शिकवत नाहीत. पहिल्यांदा हे खटकतं. मात्र शास्त्रीय नजरेने पाहिलं तर हा मोठा गुण आहे: देशभर, वर्षानुवर्षं, शब्दन् शब्द तोच. अध्यात्माच्या बाजारात इतकी एकसारखी गोष्ट सापडणं अवघड.

शिबिर स्वतःची ओळख पंथ म्हणून करून देत नाही, मनाचं विज्ञान म्हणून देतं. या दाव्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत: पद्धत, तिचं स्पष्टीकरण आणि तिचा इतिहास. त्या सुट्या करून तपासल्या की तीन वेगळे निकाल हाती येतात.

आधी पद्धत. पहाटे ४ला घंटा. ४.३० ते ६.३० बैठक, मग नाश्ता. ८ ते ११ पुन्हा बैठक, त्यातला ८ ते ९ हा तास सामूहिक. ११ला जेवण, १२ ते १ विश्रांती किंवा आचार्यांशी भेट. १ ते ५ बैठक, त्यात २.३० ते ३.३० सामूहिक. ५ला चहा. ६ ते ७ सामूहिक, ७ ते ८.१५ प्रवचन, ९पर्यंत शेवटची बैठक, ९.३०ला दिवे बंद. बेरीज केली तर रोज पावणेअकरा तास भरतात. नव्यांना संध्याकाळी चहा-दूध आणि फळ किंवा थोडा फराळ मिळतो. जुन्यांना (आधी शिबिर केलेल्यांना) दुपारी बारानंतर खाणं नाही, फार तर लिंबूपाणी. वाचन, लेखन, जप, पूजा, व्यायाम, उपवास सगळं बंद. हातखुणांनी बोलणंही मौन मोडण्यातच धरतात.

पहिले साडेतीन दिवस आनापान. पहिल्या दिवशी नैसर्गिक श्वासाचं येणं-जाणं पाहायचं, दुसऱ्या दिवशी तो नाकाला कुठे स्पर्श करतो ते आणि तिसऱ्या दिवशी नाकपुड्यांखाली, वरच्या ओठाच्या वरच्या छोट्याशा पट्टीवर कोणत्या संवेदना आहेत ते. जागा मुद्दाम लहान करत नेली आहे आणि जागेची निवड अचूक आहे. त्वचेवर दोन टोकं टेकवली तर ती दोन आहेत हे कळायला किती अंतर लागतं, याचं मोजमाप शरीरशास्त्रात फार पूर्वी झालंय: बोटाच्या टोकावर २ ते ३ मिलिमीटर, वरच्या ओठावर ५च्या आसपास, पाठीवर साधारण ४०. मेंदूच्या स्पर्शपटलावर ओठांच्या वाट्याला आलेली जागा पाठीच्या मानाने अवाढव्य आहे. ज्या बर्मी आचार्यांनी ही पट्टी नेमली त्यांच्याकडे हा नकाशा नव्हता, पण हाताला लागलेलं बरोबर होतं.

इथे बहुतेकांचं चुकतं ते असं: श्वास ‘पाहायचा’ म्हटल्यावर तो ‘घ्यायला’ लागतात. श्वास मोठा आणि मुद्दाम होतो, दुपारपर्यंत डोकं हलकं होतं, ओठांना मुंग्या येतात आणि ‘साधना लागली’ असं वाटतं. प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइड कमी झालेला असतो. सूचनेत चार-पाच जोरकस श्वासांची मुभा आहे, ती मन भरकटल्यावर त्याला परत आणण्यापुरती. तेवढं झालं की श्वास सोडून द्यायचा.

पहिल्या दोन दिवसांची डोकेदुखी हा ‘विकार बाहेर पडण्याचा’ पुरावा मानला जातो. जाणकार साधकही असं सांगतात. रोज पाच-सहा कप चहा पिणाऱ्याचा चहा एकदम दोनावर आला की १२ ते २४ तासांत कॅफीन सुटल्याची डोकेदुखी सुरू होते, एक-दोन दिवसांत कळस गाठते आणि पुरती जायला कधी आठवडाही घेते. तंबाखू, मशेरी, सिगारेट यांची तलफही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सगळ्यात जास्त छळते, आणि अर्ध्यावर घरी जाणं मनात येतं तेही बहुधा याच सुमाराला. उपाय साधा आहे. शिबिराच्या दोन आठवडे आधीपासून चहा दर तीन दिवसांनी एक कप कमी करत आणावा आणि तंबाखू आधीच सोडून, त्याची तलफ घरीच ओसरू द्यावी.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना दिली जाते. टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत, तुकड्या-तुकड्याने, एकही भाग न गाळता लक्ष फिरवायचं. जी संवेदना असेल ती पाहायची: उष्णता, घाम, खाज, ओढ, कपड्याचा स्पर्श. सुखद असेल तर हवीशी करायची नाही, दुखत असेल तर नकोशी करायची नाही. पाचव्या दिवसापासून तिन्ही सामूहिक बैठकींत अधिष्ठान: तासभर हात, पाय, डोळे उघडायचे-हलवायचे नाहीत. पुढच्या दिवसांत दोन्ही हात, दोन्ही पाय एकाच वेळी आणि जमेल तिथे लक्ष सलग वाहतं ठेवायचं.

‘माझ्या पाठीत काहीच कळत नाही’ ही पाचव्या-सहाव्या दिवसाची हमखास तक्रार. परंपरा अशा भागाला स्थूल, मूर्च्छित म्हणते आणि मिनिटभर तिथे थांबून पुढे जायला सांगते. सल्ला उत्तम आहे, कारण ४० मिलिमीटरच्या जागेला ओठासारखी नजर येणार नाही हे उघड आहे. हाताने दाबून, ताठून, कल्पना करून संवेदना ‘आणणं’ ही चूक. शांत बसून त्वचेच्या कोणत्याही भागावर लक्ष ठेवलं की तिथे मुंग्या, उब, ठोके जाणवू लागतात. प्रयोगशाळेत, ध्यानाचा गंध नसलेल्यांवरही हे दिसून आलंय. संवेदना जाणवणं म्हणजे सिद्धी नाही आणि न जाणवणं म्हणजे नापास नाही. गोएंका प्रवचनात हे पुनःपुन्हा बजावतात, तरी आठव्या दिवशी अंगभर झिणझिण्या आलेला साधक नवव्या दिवशी त्याच शोधत बसतो आणि सगळ्या पद्धतीचा गाभा नेमका तिथे गमावतो.

गुडघ्यांबद्दल शिबिराच्या भाषेवर भिस्त ठेवू नये. बैठकीत उठणारी वेदना म्हणजे साठलेले संस्कार (जुन्या प्रतिक्रियांचे मनावरचे ठसे) वर येणं, असं शिकवलं जातं. मांडीच्या स्नायूची ओढ, पाठीचा ताण, हालचाल केली की लगेच जाणारी कळ हे या चौकटीत बसवून सोसायला हरकत नाही. तिच्याकडे बिनविरोध पाहिलं की ती तुकड्यांत मोडते, सरकते, बदलते, आणि हा अनुभव खरोखर मोलाचा असतो. पण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पोटरीच्या हाडाच्या मानेपाशी एक नस अगदी त्वचेखालून जाते. तासन् तास मांडी घालून ती दाबली गेली तर पाऊल बधिर होतं आणि क्वचित पाऊल वर उचलण्याची ताकदच काही आठवडे जाते. उठल्यावर पाच-दहा मिनिटांतही बधिरपणा गेला नाही किंवा चालताना पाऊल लोंबलं, तर तो संस्कार नव्हे, नस आहे. ताबडतोब बैठक बदलावी. खुर्ची मागावी, मिळते. बसायला बैठकीखाली एक जाड आणि गुडघ्यांखाली दोन पातळ उशा ठेवल्या, कंबर गुडघ्यांपेक्षा चार बोटं वर राहिली, की निम्मी दुखणी टळतात. पहिल्याच दिवशी उशांचा डोंगर रचणाऱ्यांचं मात्र फावत नाही. तोल सारखा जातो.

पद्धतीला म्हणूनच पैकीच्या पैकी देण्याजवळ जाता येतं. वेदनेपासून, म्हणजे इथे संवेदनेपासून, तृष्णा निपजते, ही बुद्धाच्या प्रतीत्यसमुत्पादातली (दुःख कशातून कसं उपजतं त्या साखळीतली) एक कडी उचलायची आणि माणसाला शंभर तास त्याच कडीवर बसवून ठेवायचं, ही रचना कमालीची एकाग्र आहे. मानसोपचारात भीतीची गोष्ट टाळण्याऐवजी तिच्यासमोर सुरक्षितपणे थांबायला शिकवतात, त्याच जातीचं हे काम आहे. फक्त इथे भीतीची गोष्ट म्हणजे आपलंच शरीर.

आता स्पष्टीकरण. प्रवचनांत शरीर हे ‘कलापां’चं बनलंय असं येतं: पृथ्वी, आप, तेज, वायू ही चार तत्त्वं आणि त्यांचे चार गुण मिळून होणारा सूक्ष्मातिसूक्ष्म कण, जो क्षणोक्षणी उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. ही मांडणी नंतरच्या अभिधम्म (बौद्ध तत्त्वविश्लेषणाच्या) परंपरेतली आहे आणि साधनेचा नकाशा म्हणून तिला काही बाधा नाही. अडचण येते ती तिला भौतिकशास्त्राचा शिक्का मारताना. बबल चेंबर बनवून नोबेल मिळवणाऱ्या एका अमेरिकन शास्त्रज्ञाचा दाखला दिला जातो: कण सेकंदाला १०चा २२वा घात इतक्या वेळा उत्पन्न-नष्ट होतात हे त्याने यंत्राने पाहिलं, बुद्धाने तेच आत पाहिलं होतं.

डोनाल्ड ग्लेसर यांनी १९५२ साली बबल चेंबर बनवलं, १९६०चं नोबेल त्यांना मिळालं, इथवर ठीक. पण त्या यंत्रात उकळबिंदूच्या पलीकडे तापवून दाबाखाली रोखलेला द्रव असतो. दाब अचानक कमी करायचा, विद्युतभारित कण त्यातून गेला की त्याच्या वाटेवर बुडबुड्यांची रांग उठते आणि तिचा फोटो काढायचा. त्यात दिसते ती बाहेरून आलेल्या कणाची वाट. शरीरातला कण जन्मतो-मरतो हे त्यात कुठेच दिसत नाही, आणि बुडबुडे वाढायला लागणारा वेळ त्या आकड्याच्या आसपासही नाही. उलट शरीराचं बरंचसं वजन ज्या प्रोटॉनमध्ये आहे, तो मोडताना आजवर कुणाला दिसलेला नाही. जपानच्या जमिनीखालच्या प्रयोगांनी त्याचं आयुष्य निदान १०चा ३४वा घात इतकी वर्षं असल्याचं दाखवलंय. अनित्यतेचा पुरावा म्हणून प्रोटॉनला बोलावलं तर साक्षीदार उलटेल!

आणि गंमत अशी की त्याची गरजही नाही. अनित्यता साधकाला दिसते ती संवेदनेत. खाज उठते, वाढते, जाते. एवढ्याने काम भागतं. प्रोटॉन टिकाऊ निघाला म्हणून खाज टिकत नाही. दुसऱ्याच्या घरचा दागिना घालून मिरवायचा सोस कशाला, असं त्या प्रवचनांच्या वेळी वाटत राहतं.

मेंदूविज्ञानाचा शिक्काही जपून घ्यावा. २००५ साली अमेरिकेत याच धर्तीचं ध्यान करणाऱ्या २० जणांचा मेंदू न करणाऱ्या १५ जणांशी ताडून पाहिला, तेव्हा आतल्या संवेदनांशी निगडित भाग साधकांत जाड आढळला. पण एकदाच काढलेल्या चित्रावरून ध्यानामुळे भाग जाड झाला, की तसा मेंदू असलेलेच ध्यानात टिकले, हे ठरत नाही. २०२२ साली आठ आठवड्यांच्या ध्यानवर्गाची नियंत्रण गट ठेवून तपासणी झाली, त्यात मेंदूच्या रचनेत बदल दिसला नाही. २०१४ सालच्या एका मोठ्या आढाव्यात ४७ चाचण्या आणि ३,५१५ लोक होते: चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडा ते मध्यम फायदा, पण व्यायाम किंवा औषधांपेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही.

हे आकडे शिबिराच्या खात्यावर जमा करण्याआधी मात्रा बघावी. अशा चाचण्यांत वारंवार वापरला गेलेला आठ आठवड्यांचा वर्ग, १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात सुरू झालेला, साधारण पाऊण तास रोज करायला सांगतो. इगतपुरीत रोज पावणेअकरा तास आहेत. एका गोळीच्या चाचणीवरून चौदा गोळ्यांचा हवाला कुणी देत नाही. शिवाय शिबिरात एकाच वेळी मोबाइल जातो, बोलणं जातं, दारू-तंबाखू जाते, जेवण हलकं होतं आणि झोपेची वेळ बांधली जाते. दहाव्या दिवशी चेहरा उजळला तर श्रेय कुणाचं? सोडून गेलेल्यांचा अनुभव कुणी सांगत नाही, तेही आहेच.

मोठ्या मात्रेचे तोटेही मोठे असतात. ८३ अभ्यासांच्या २०२०च्या आढाव्यात ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्क्यांना काही ना काही त्रास झाल्याचं दिसलं. सगळ्यात जास्त चिंता आणि नैराश्य. शिबिरात सावध राहायची लक्षणं ठरावीक आहेत: दोन रात्री अजिबात झोप नाही तरी थकवा नाही, विचार सुसाट, आवाज ऐकू येणं, आपण आपल्या बाहेर आहोत असं सतत वाटणं. असं झालं तर ‘खोल साधना चाललीय’ म्हणून गप्प बसू नये. आचार्यांना त्याच दिवशी सांगावं, लक्ष श्वासावर किंवा चालण्यावर आणावं, बैठकी कमी कराव्यात आणि तरी उतार नसेल तर डॉक्टर गाठावा. अर्जात मानसिक आजार आणि औषधांचा रकाना असतो, तो प्रवेश हुकेल म्हणून कोरा ठेवणं ही सगळ्यात महागडी चूक. बायपोलर, स्किझोफ्रेनिया, नुकतंच गेलेलं जवळचं माणूस, चालू असलेली औषधं मनानेच बंद करणं, यांपैकी काही असेल तर हे शिबिर आत्ता नको. नियमावलीतही स्पष्ट आहे की हा औषधोपचाराला पर्याय नाही. गोएंका स्वतः १९५५ साली अर्धशिशीवर इलाज म्हणून रंगूनच्या ध्यानकेंद्रात गेले, तेव्हा त्यांच्या गुरूंनी, सयाजी ऊ बा खिन यांनी, रोग बरा करायला येणार असाल तर येऊ नका असं सुनावलं होतं. ही गोष्ट शिबिरात सांगतात, आणि ऐकणारा नेमकी विसरतो.

ऊ बा खिन हे बर्माचे महालेखापाल. साधना कचेरीतल्या माणसाला बसेल अशी आटोपशीर झाली, त्यात त्यांचा हिशेबी हात दिसतो.

तिसरा दावा इतिहासाचा: बुद्धाची मूळ विद्या बर्मात अडीच हजार वर्षं गुरुशिष्य परंपरेने शुद्ध राहिली. कागदोपत्री साखळी बर्मी भिक्षू लेडी सयाडो (१८४६–१९२३) यांच्यापर्यंत जाते. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाश्रय गेला, धम्म टिकवायचा तर तो विहारातून घराघरांत न्यायला हवा असं त्यांना वाटलं आणि गृहस्थांना ध्यान शिकवण्याची लाट आली. म्हणजे आज दिसतं ते रूप बरंचसं आधुनिक आहे, वसाहतकाळाला दिलेलं उत्तर. यात कमीपणा काही नाही. विज्ञानाची भाषाही त्याच काळात अंगाला चिकटली.

महाराष्ट्रात या दाव्याला आणखी एक पदर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेला बुद्ध समतेचा, विवेकाचा, सामाजिक क्रांतीचा. गोएंका १९६९ साली भारतात आले तेव्हा इथे बौद्ध समाज उभा होता, पण त्याची वाट ध्यानगृहातून गेलेली नव्हती. आजही बौद्ध वस्त्यांत दोन्ही सूर ऐकू येतात: एक म्हणतो विपश्यनेशिवाय धम्म पुस्तकी राहतो, दुसरा विचारतो की दुःख जर अन्यायातून आलं असेल तर डोळे मिटून त्याला समतेने पाहायचं म्हणजे काय? दुसरा प्रश्न शिबिरात सुटत नाही. तिथे दुःखाचं कारण माणसाच्या प्रतिक्रियेत शोधतात, व्यवस्थेत नाही, आणि पुनर्जन्म-कर्माचा जो भाग प्रवचनात येतो तो बाबासाहेबांच्या मांडणीशी जुळत नाही. हे ठाऊक असून गेलं तर चिडचिड कमी होते.

बाकीच्यांसाठी व्यवहाराची बाब अशी: माळ, ताईत, गंडा, खडे आत चालत नाहीत, नामस्मरण थांबवावं लागतं, एकादशीचा उपवासही धरता येत नाही. कारण पद्धतीचंच आहे, दोन साधना मिसळल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही. गळ्यातली तुळशीची माळ न काढणाऱ्या वारकऱ्याने अर्ज करतानाच केंद्राला विचारून घ्यावं. दारात वाद घालण्यात दोघांचाही मान राहत नाही. ‘सांप्रदायिक नाही’ हे वचन मात्र पूर्ण खरं मानू नये. त्रिशरण, पंचशील, पालीतलं पठण, ‘भवतु सब्ब मंगलं’ला ‘साधु, साधु, साधु’ हा सगळा बौद्ध घाट आहे. छानच आहे, पण आहे.

मागाहून काय? सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, असं सांगून घरी पाठवतात. संध्याकाळचा तास बहुधा आधी सुटतो आणि अपराधी वाटून मग सकाळचाही. पाऊण तास एकदाच, पण जागा आणि वेळ न बदलता, पहिली दहा मिनिटं आनापान, हे टिकतं. महिना-दीड महिन्याने एक दिवसाचं शिबिर केलं तर गाडी रुळावर राहते. ते जुन्या साधकांसाठी अनेक केंद्रांत असतं, मुंबईत गोराईच्या विपश्यना पॅगोड्यातही. नुसती चव घ्यायची असेल तर तिथेच नवख्यांना थोड्या मिनिटांचं आनापान शिकवतात.

इगतपुरीला जायचं तर जुलै-ऑगस्ट टाळलेला बरा. घाटमाथ्याच्या पावसात कपडे वाळत नाहीत आणि ओल्या मोज्यांत पहाटे साडेचार भारी जातं. डिसेंबर-जानेवारीत शाल जास्तीची. मोबाइल जमा होत असल्याने गजराचं साधं घड्याळ, टॉर्च, नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि सैल कपड्यांचे पाच-सहा जोड. अर्ज ऑनलाइन आणि बऱ्याच आधी. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी रजेची सवलत आहे, ती आस्थापना शाखेत तारीख ठरवण्याआधी विचारावी, नंतर नव्हे. आणि परतीचं तिकीट अकराव्या दिवशी दुपारनंतरचं काढावं: सकाळी खोली झाडून द्यावी लागते, आणि दहा दिवस गप्प असलेली माणसं एकदा बोलायला लागली की आवरत नाहीत.